अ राहिला

रावपुऱ्यात, टपाल कचेरीसमोरच्या बोळात
माझं टायपिंगचं दुकान. पानाला अठरा रुपये,
आकृती असेल तर बावीस.
कर्णिकबाई तत्त्वज्ञान विभागातून रिटायर झाल्या
त्याच आठवड्यात पिशवीभर कागद घेऊन आल्या,
पाठकोऱ्या प्रश्नपत्रिकांवर पेन्सिलीनं लिहिलेले.
म्हणाल्या, शिर्के, आकृती एकही नाही.
सगळं नसण्याबद्दलच आहे.

जमिनीवर घडा नाही, हे म्हणे डोळ्यांना दिसतं.
घडा दिसत नाही असं नव्हे,
घड्याचं नसणं दिसतं,
आणि ते पदार्थांच्या यादीत सातवं, हक्काचं.
जुन्या पंडितांनी घड्यावर भागवलं.
बाई चौथ्या पानावर घडा सोडून वडाशी आल्या,
फतेगंजातला, पुलाच्या खांबासाठी गेला तो.

होण्याआधीच्या नसण्याला आरंभ नसतो, अंत असतो.
मोडल्यानंतरच्या नसण्याला आरंभ असतो,
अंत नसतो.
खाली टीप: मंगळवार, सकाळी सव्वादहा.
इतकी नेमकी वेळ मी आजवर
फक्त पत्रिका टाइप करताना पाहिली होती.

महापालिकेनं एकाला दहा रोपं लावली, हालोल रस्त्याला.
बाई लिहितात, नसणं ज्याचं असतं
त्याचं एकट्याचं असतं.
दुसऱ्या दहांच्या असण्यानं
त्याच्यावर ओरखडाही उठत नाही.
माझा धाकटा भाऊ महापालिकेत आहे, उद्यान खात्यात.
ते वाक्य मी दोनदा वाचलं
आणि पुढच्या पानावर गेलो.

चहाच्या वेळी विचारलंच,
बाई, जे नाहीच, त्याचं आपण काय देणं लागतो?
तुमचे वडील कधी गेले, शिर्के?
मी प्रिंटरमधला कागद सरळ करत बसलो.
कागद सरळच होता.

आधी एका त्रैमासिकाकडे पाठवला होता यातला एक भाग.
परीक्षकानं शेरा दिला, कल्पना काव्यात्म आहे.
बाईंनी मला पत्र दाखवलं,
कुणी शिवी दिल्याचं पोलिसाला दाखवावं तसं.

मग मुद्रितं परत आली. सत्तेचाळीस लाल गोल.
माझ्या कीबोर्डाचा अ दाबला तरी उठत नाही,
विश्वामित्रीचं पाणी दुकानात आलं होतं तेव्हापासून.
अभाव लिहायचं तिथे सगळीकडे भाव.
वडाचा भाव. सावलीचा भाव.
पाणथळीचा भाव, प्रकरण तिसरं,
जिथे आता सोसायटीचं पार्किंग आहे
आणि दर पुरात एक मगर
आपली जागा शोधत जिन्यापर्यंत येते.
प्रत्येक गोलापाशी समासात बाईंचं बारीक अक्षर:
अ राहिला. अ राहिला.

संध्याकाळी शेव-उसळ बांधून घेतली आणि
घरी न जाता फतेगंजला गेलो. का, ते सांगता येणार नाही.
खांबावर दातांच्या दवाखान्याची जाहिरात.
खाली स्कूटरी, मका भाजणारा, त्याची मुलगी.
सात वाजता वटवाघळं आली कमाटीबागेकडून,
सरळ येत येत
पुलाच्या अलीकडे, मोकळ्या हवेत,
एकामागून एक वळली.
तिथे काही नव्हतं.
मक्यावाला म्हणाला, रोजचंच आहे, साहेब,
आणि पंखा हलवत राहिला.
रस्सा पिशवीत सांडला होता, ते घरी कळलं.

रात्री दुरुस्त्या केल्या. शेचाळीस.
सत्तेचाळिसावा शेवटच्या पानावर:
या अभावाचाही अभाव झाला, तर उरेल तो भाव.
तिथे भाव बरोबर होता. मी हस्तलिखित काढून ताडलं,
पेन्सिलीत स्वच्छ भाव.
तरी त्याभोवती लाल गोल, आणि समासात तेच,
अ राहिला.

सुटला या अर्थी, की उरला या अर्थी?
फोन करायला उशीर झाला होता.
दुरुस्तीचे पैसे मी लावत नाही,
बिलात एकोणनव्वद पानं धरली
आणि ते एक पान तसंच टेबलावर ठेवलं,
वर पेपरवेट.